गाडीतला फ्रिज कशावर चालतो? भोर-वेल्ह्याला निघण्याआधी समजून घ्या विजेचा हिशोब

शनिवार-रविवार आला की पुण्याहून सातारा रस्त्यानं गाड्यांची रांग लागते. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून उजवीकडं वळलं की वेल्हे, राजगड, तोरणा. थोडं पुढं कापूरहोळला वळलं की भोर, भाटघर धरणाचं पाणी आणि त्यापुढं महाडकडं उतरणारा वरंधा घाट. या वाटेवर आता तंबू, कॅम्पर व्हॅन आणि डिकीत ठेवलेला छोटा फ्रिज ही नेहमीची दृश्यं झाली आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही आणलं.

रील्समध्ये दाखवतात ते सोपं असतं. फ्रिजची पिन गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायची, की झालं. प्रत्यक्षात सकाळी गाडी स्टार्ट होत नाही, डब्यातलं चिकन कोमट झालेलं असतं किंवा आजोबांचं इन्सुलिन तापलेलं असतं. हे का होतं आणि कसं टाळायचं, ते सविस्तर पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

गाडी चालू असताना फ्रिजला वीज देणं फारसं अवघड नाही. इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर ती देतो. अडचण सुरू होते गाडी थांबल्यावर. पुण्याहून वेल्हे किंवा भोरचा प्रवास दीड-दोन तासांचा. पण गाडी गडाच्या पायथ्याशी किंवा तंबूशेजारी सहा, आठ, बारा तास उभी राहते. त्यामुळं हिशोब करायचा तो मुख्यतः या उभ्या तासांचा.

गाडीतल्या फ्रिजचे तीन प्रकार

बाजारात "कार फ्रिज" या एकाच नावाखाली तीन वेगळी यंत्रं विकली जातात. विकत घेताना सगळ्यात जास्त फसगत इथंच होते.

पहिला प्रकार पेल्टिअरचा, म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक. दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेल्टिअर यांनी १८३४ मध्ये दाखवलं. त्यावर चालणारी पेटी स्वस्त आणि हलकी असते. पण ती बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकते. एप्रिलमध्ये गाडीत ३८ अंश असतील, तर आत १८ ते २३ अंश. पाण्याची बाटली थोडी गार लागेल, पण दूध, पनीर किंवा मटण टिकणार नाही. शिवाय अशा पेट्या बहुतेक वेळा न थांबता ४० ते ६० वॅट वीज खात राहतात.

दुसरा प्रकार कॉम्प्रेसरचा. तत्त्व घरच्या फ्रिजचंच, पण मोटर थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारी. चालू असताना हा साधारण ४५ ते ६० वॅट घेतो. ठरवलेलं तापमान आलं की कॉम्प्रेसर थांबतो, त्यामुळं दिवसभराची सरासरी बरीच कमी, २० ते ३० वॅटच्या आसपास येते. हा खरोखर ४ अंशांपर्यंत, अनेक मॉडेल तर शून्याच्या खालीही जातात. घाटातल्या चढ-उताराचा याला फारसा त्रास होत नाही. आपल्याकडच्या हवेत अन्न टिकवायचं असेल तर हाच कामाचा.

तिसरा प्रकार अॅब्सॉर्प्शनचा. यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या बंद नळ्यांना उष्णता दिली की त्यातून थंडी तयार होते. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे यंत्र बनवलं आणि १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीनं ते घेतलं. युरोप-अमेरिकेतल्या गाडीमागं ओढायच्या कॅरॅव्हॅनमध्ये अनेक वर्षं हाच फ्रिज असायचा, कारण तो १२ व्होल्ट, घरची २३० व्होल्टची वीज आणि गॅस या तिन्हींवर चालतो. पण १२ व्होल्टवर त्याचा हीटर साधारण १२० ते १७५ वॅट घेतो. गाडी उभी असताना तो जवळपास सपाट जागेवरही असावा लागतो, नाहीतर आतला द्रव नीट वाहत नाही. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर अशी जागा शोधायची म्हणजे एक कामच.

गाडी चालू असताना वीज कुठून येते?

इंजिन सुरू असताना अल्टरनेटर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टनं वीज तयार करतो. त्यातून दिवे, वायपर, एसीचा पंखा चालतात आणि बॅटरी भरली जाते. कॉम्प्रेसर फ्रिजचे ४-५ अँपिअर त्याला जड नाहीत. अॅब्सॉर्प्शन फ्रिजचे १० ते १५ अँपिअर मात्र जाणवतात. पावसात, रात्री, हेडलाइट आणि वायपर चालू असताना आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत इंजिन आयडलिंगला असताना तर जास्तच, कारण कमी आरपीएमवर अल्टरनेटरही कमी वीज देतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झालं. त्यानंतरच्या अनेक गाड्यांमध्ये "स्मार्ट" अल्टरनेटर आहेत. इंधन वाचवण्यासाठी बॅटरी भरलेली दिसली की ते व्होल्टेज साडेबारापर्यंत खाली आणतात आणि ब्रेक मारताना पुन्हा वाढवतात. गाडीला याचा काही तोटा नाही. पण मागं लावलेला फ्रिज किंवा दुसरी बॅटरी यांना पूर्ण १४ व्होल्ट मिळतील हे गृहीत धरता येत नाही.

डॅशबोर्डवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटलाही मर्यादा असते. त्याचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो. नेमका आकडा सॉकेटच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. कॉम्प्रेसर फ्रिज यावर चालतो. अॅब्सॉर्प्शन फ्रिज यावर लावणं म्हणजे फ्यूज उडण्याची किंवा पिन तापून वितळण्याची वाट पाहणं. आणि बहुसंख्य गाड्यांत चावी काढली की हे सॉकेट बंद होतं. त्यामुळं "फ्रिज लावून ठेवलाय" असं समजून लोक गड चढायला जातात आणि फ्रिज मात्र चावी काढल्यापासूनच बंद असतो.

वायरची जाडी इतकी महत्त्वाची का?

घरच्या २३० व्होल्टमध्ये एक-दोन व्होल्ट कमी झाले तर कळतही नाही. १२ व्होल्टमध्ये तेवढेच कमी झाले तर यंत्र बंद पडतं.

साधा हिशोब पाहू. इंजिनाजवळच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर वायर लागते असं धरा. जाणं-येणं मिळून १० मीटर. तांब्याची वायर १ चौरस मिलिमीटर जाडीची असेल आणि फ्रिज ५ अँपिअर घेत असेल, तर वाटेतच जवळपास ०.९ व्होल्ट खर्च होतात. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असेल तर फक्त ०.२ व्होल्ट.

म्हणजे इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.२ व्होल्ट असतील, तर बारीक वायरच्या दुसऱ्या टोकाला फ्रिजला ११.३ व्होल्टच दिसतात. चांगल्या कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी लो, मीडियम आणि हाय असं कट-ऑफ असतं. ते "हाय"वर असेल तर बॅटरी रिकामी झाली असं समजून फ्रिज बंद पडतो. प्रत्यक्षात बॅटरीत वीज असते. फ्रिज खराब आहे अशी तक्रार घेऊन दुकानात जाण्याआधी वायर तपासावी ती यासाठी.

हीटरच्या फ्रिजमध्ये तर फटका दुप्पट. त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२ ऐवजी १० व्होल्ट मिळाले तर उष्णता जवळपास ३० टक्क्यांनी घटते. फ्रिज बंद पडत नाही, दिवा चालू दिसतो, पण आत थंडी तयार होत नाही.

गाडीमागं ट्रेलर असेल तर काय बदलतं?

ओढायचा कॅरॅव्हॅन ट्रेलर आपल्याकडं अजून दुर्मीळ आहे. बहुतेक कॅम्पर या एकाच गाडीवर बांधलेल्या व्हॅन असतात. ट्रेलरची आरटीओकडं स्वतंत्र नोंदणी लागते आणि वरंधा घाटासारख्या वळणांवर तो ओढणं सोपं नाही. तरी परदेशात राहणारी आपली मंडळी तो वापरतात आणि इथंही आता काही जण बनवून घेतात, म्हणून त्याचं गणित माहीत असलेलं बरं.

ट्रेलरमध्ये अंतर दुप्पट होतं. एका बाजूनं १० मीटर धरले तर एकूण २० मीटर वायर. ती दीड चौरस मिलिमीटरची असेल आणि गाडीचा स्मार्ट अल्टरनेटर साडेबारा व्होल्ट देत असेल, तर १५० वॅटच्या हीटरला मिळतात जेमतेम १० व्होल्ट. म्हणजे वर सांगितलेला ३० टक्क्यांचा तोटा, तोही गाडी चालू असताना.

युरोपात यासाठी १३ पिनांचा जोड असतो. त्यात एक पिन कायम वीज देते, तर दुसरी फक्त इंजिन सुरू असताना. फ्रिज या दुसऱ्या पिनेवर असतो, त्यामुळं गाडी थांबली की तो आपोआप सुटतो आणि गाडीची बॅटरी वाचते. दोन्हींच्या परतीच्या वायरीही वेगळ्या असतात. आपल्याकडं ट्रेलरला बहुधा ७ पिनांचा जोड असतो. त्यातल्या पिना दिवे, इंडिकेटर आणि ब्रेकलाइटसाठी असतात. टेललाइटच्या वायरवरून फ्रिजला वीज ओढणं ही मोठी चूक. ती वायर एवढ्या करंटसाठी नसते. तापली तर आधी दिवे जातात, मग आग लागू शकते.

फ्रिजसाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर काढायची. परतीची वायरही तेवढीच जाड हवी, नुसत्या हुकच्या लोखंडावर भरवसा ठेवायचा नाही. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज लावायचा. फ्यूज असतो तो वायर वाचवण्यासाठी. तो फ्रिजच्या टोकाला लावला आणि मधे कुठं वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली, तर त्याचा काही उपयोग होत नाही.

गाडी थांबल्यावर काय होतं? राजगडाचं उदाहरण

पहाटे ५ ला पुणे सोडलं, साडेसातला गुंजवणे गावात गाडी लावली, राजगड चढून-फिरून दुपारी २ ला परत आलात. म्हणजे गाडी साडेसहा तास उभी. उन्हात बंद गाडीच्या आतलं तापमान ५० अंशांच्या वर सहज जातं. अशा वेळी ५० वॅटचा कॉम्प्रेसर साठ टक्के वेळ चालतो असं धरलं, तर खर्च होतो १९५ वॅट-तास. १२ व्होल्टच्या हिशोबानं सुमारे १६ अँपिअर-तास.

लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे जवळपास निम्मी संपली. गाडी त्या दिवशी कदाचित सुरू होईल. पण पुढं भाटघरच्या काठावर मुक्काम असेल, तर रात्रीचे १० तास सरासरी २० वॅटनं आणखी २०० वॅट-तास, म्हणजे १७ अँपिअर-तास जातात. मधल्या तासाभराच्या प्रवासात बॅटरी थोडी भरते, पूर्ण नाही. लेड-अॅसिड बॅटरीचा शेवटचा भाग भरायला तासन् तास लागतात.

गाडीची मूळ बॅटरी क्षणभर भरपूर करंट देऊन इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते. हळूहळू रिकामी होण्यासाठी ती नसते. दोन-चार वेळा निम्म्याच्या खाली गेली तरी तिचं आयुष्य घटतं. डिझेल इंजिनाला स्टार्टिंगला जास्त ताकद लागते, तर ऑटोमॅटिक गाडी धक्का देऊन सुरू होत नाही. केळद, मढे घाटाच्या बाजूला किंवा वरंध्याच्या वाटेवर मेकॅनिक येईपर्यंत अर्धा दिवस जाऊ शकतो. म्हणून मूळ बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवायचाच नाही, हा पहिला नियम.

आणखी एक गोष्ट. बॅटरी भरण्यासाठी किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि वासहीन असतो. तो आत शिरला तर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. यात जीव जातो.

मग उपाय काय?

१. दुसरी बॅटरी. फ्रिजसाठी वेगळी बॅटरी ठेवायची आणि इंजिन चालू असतानाच ती भरली जाईल अशी व्यवस्था करायची. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला व्होल्टेज पाहून जोडणारा-सोडणारा रिले पुरतो. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो कमी-जास्त व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं तेवढंच देतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास. सरासरी २५ वॅटचा फ्रिज दिवसाला ६०० वॅट-तास घेतो, म्हणजे दोन दिवस निघतात. तेवढीच लेड-अॅसिड बॅटरी असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे एकच दिवस.

२. पॉवर स्टेशन. वर्षातून चार-पाच सहली असतील तर वायरिंग करण्यापेक्षा हे सोपं. घरून पूर्ण भरून न्यायचं, फ्रिज त्याच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायचा. २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते. ५०० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन राजगडाची एक दिवसाची सहल आरामात काढतं. मात्र ते उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर ठेवू नका. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही.

३. सोलर पॅनेल. १०० वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४०० वॅट-तास देतं. पण वेल्हे-भोरला सगळ्यात जास्त गर्दी असते पावसाळ्यात, आणि तेव्हा या डोंगरात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. जमेची बाजू ही की तेव्हा हवाच गार असते, त्यामुळं फ्रिजही कमी वीज खातो. सोलरवर भरवसा ठेवायचा तो हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. जून ते सप्टेंबर तो फक्त जोडधंदा समजा.

४. मुक्कामी चार्जिंग. घरगुती जेवण देणाऱ्या घरांत किंवा रिसॉर्टमध्ये विचारून चार्जिंग करता येतं. पावसाळ्यात वीज जाते, हे धरून चाला. पोहोचल्याबरोबर लावा, रात्रीसाठी ठेवू नका.

घरचा छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, इन्व्हर्टर ट्रिप होतो. रस्त्याचे धक्के सहन करण्यासाठीही तो बनवलेला नसतो.

गॅसवर चालवला तर?

अॅब्सॉर्प्शन फ्रिज गॅसवर शांतपणे चालतो, पण ते गाडी उभी असताना. चालत्या गाडीत पेटती ज्योत ठेवणं धोक्याचं. वाऱ्यानं ती विझू शकते, खड्ड्यात पाइप निसटू शकतो आणि अपघात झाला तर गळती थांबवणारं कोणी नसतं. पेट्रोल पंपावर उघडी ज्योत चालतच नाही. पुण्याहून निघाल्यावर नवा कात्रज बोगदा लागतो, तिथं आग लागली तर काय होईल याचा विचार करा. त्यामुळं निघण्याआधी सिलिंडरची खटकी बंद करणं हाच रिवाज. घरचा अनुदानित सिलिंडर गाडीत वापरणं बेकायदेशीरही आहे.

विजेशिवाय थंडी: दुधाचा टँकर आणि लशीची पेटी

भोर-वेल्ह्याच्या रस्त्यावर थंडी वाहून नेण्याचं काम कार फ्रिजच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि तेही बहुतेक वेळा विजेशिवाय.

गावच्या संकलन केंद्रावर जमलेलं दूध बल्क कूलरमध्ये सुमारे ४ अंशांपर्यंत गार करतात. मग ते टँकरमध्ये भरून डेअरीकडं जातं. या टँकरला बहुधा फ्रिज नसतो, फक्त जाड इन्सुलेशनचं दुहेरी कवच असतं. गार करून भरलेलं दूध काही तासांत एक-दोन अंशच चढतं.

लशीचंही तसंच. देशातला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात बर्फाचं अस्तर असलेला आयएलआर फ्रिज असतो. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो लस २ ते ८ अंशांत ठेवतो. तिथून वाडी-वस्तीवर लस जाते ती चार आइस पॅक असलेल्या लहान पेटीतून. या पेटीला वायर नसते, बॅटरी नसते. आइस पॅक फ्रीझरमधून काढल्यावर लगेच भरत नाहीत. पृष्ठभागावर घाम येऊन आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतात, म्हणजे लस गोठत नाही.

या दोन्हींतून शिकण्यासारखी गोष्ट एकच: थंडी उभ्या जागी, भरवशाच्या विजेवर तयार करायची आणि प्रवासात ती फक्त सांभाळायची.

आकड्यांत बघा. ३० अंशांचं ५ लिटर पाणी ५ अंशांवर आणायला १४५ वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. छोट्या फ्रिजला त्यासाठी दोन-तीन तास लागतात. म्हणजे कापूरहोळला विकत घेतलेल्या कोमट बाटल्या भरल्या तर वेल्ह्याला पोहोचेपर्यंत त्या धड गार होत नाहीत, उलट आधीच थंड असलेलं दूधही तापवतात. याउलट १ किलो बर्फ वितळताना ९३ वॅट-तास उष्णता शोषतो. ५ किलो बर्फ म्हणजे ४६५ वॅट-तास थंडी. चांगल्या जाड पेटीत तो दिवसभर पुरतो, पातळ पेटीत दहा-अकरा तास.

म्हणून एका दिवसाच्या सहलीला बहुतेक कुटुंबांना फ्रिजची गरजच नाही. आदल्या रात्री पाण्याच्या दोन-तीन बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून फ्रीझरमध्ये गोठवा आणि जाड आइस बॉक्समध्ये भरा. वितळलं की तेच प्यायचं पाणी.

काय किती वेळ चालेल?

अन्नासाठी ५ ते ६० अंश हा जिवाणू वेगानं वाढण्याचा पट्टा. शिजवलेलं मटण-चिकन, पनीर, दूध, क्रीम हे पदार्थ या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नयेत. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. वास येत नाही म्हणजे चांगलं, असं नसतं. कच्चं मटण वेगळ्या घट्ट डब्यात, सगळ्यात खाली ठेवा. थंडीचा भरवसा नसेल तर दशमी, चटणी, भडंग, गूळपोळी हे आपले जुने प्रवासी पदार्थ आहेतच.

इन्सुलिनच्या बाबतीत हयगय नको. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. वापरात असलेलं पेन किंवा व्हायल बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं. तुमच्या प्रकाराची नेमकी मर्यादा सोबतच्या पत्रकात असते, ती वाचा. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही, म्हणून ते बर्फाला किंवा फ्रिजच्या थंड भिंतीला टेकवू नका, कापडात गुंडाळा. आणि गड चढायला जाताना ते उन्हातल्या गाडीत सोडून जाऊ नका, सॅकमध्ये मधोमध ठेवून बरोबर न्या. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या माठाच्या तत्त्वावर चालतात. कोरड्या हवेत त्या छान काम करतात, पावसाळी दमट हवेत कमी.

निघण्याआधी तपासा

• फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर चालवून गार करा. भरायच्या वस्तूही गारच भरा.
• फ्रिज भरलेला ठेवा. रिकाम्या जागी गोठवलेल्या बाटल्या घाला.
• फ्रिजच्या जाळीसमोर बॅगा रचू नका. गरम हवा बाहेर पडली नाही तर कॉम्प्रेसर थांबतच नाही.
• गाडी सावलीत लावा. काचेवर पडदा लावा. फ्रिजवर चादर टाकायची तर जाळी मोकळी ठेवून.
• इंजिन चालू असताना कट-ऑफ "लो" किंवा "मीडियम"वर ठेवा. मूळ बॅटरीवर थोडा वेळ चालवायचाच असेल तर "हाय"वर.
• आत एक साधं थर्मामीटर ठेवा. फ्रिजच्या पॅनेलवरचा आकडा आणि मधल्या डब्याचं तापमान यांत फरक असतो.
• अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर सॉकेटची पिन हातानं तपासा. गरम लागली तर काढा.
• जंपर केबल किंवा छोटा जंप स्टार्टर जवळ ठेवा.
• पावसाळ्यात वरंधा घाटाकडं जायचं असेल तर रस्ता चालू आहे का, ते आधी पाहा. दरडींमुळं तो बंद ठेवतात. अडकून परत फिरावं लागलं तर फ्रिजचे तासही वाढतात.

नेमकं काय घ्यावं?

एका दिवसाची सहल असेल तर चांगला आइस बॉक्स. एक रात्र मुक्काम असेल तर कॉम्प्रेसर फ्रिज आणि पॉवर स्टेशन. महिन्यातून दोनदा बाहेर पडत असाल किंवा कॅम्पर व्हॅन बांधत असाल तर दुसरी बॅटरी, डीसी-टू-डीसी चार्जर, जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज, तेही गाडीच्या वायरिंगची माहिती असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून. वॉरंटीत असलेल्या गाडीच्या मूळ वायरिंगला कापाकापी करू नका.

फ्रिज विकत घेण्याआधी कागदावर दोन आकडे लिहा. गाडी किती तास चालणार आणि किती तास उभी राहणार. दुसऱ्या आकड्याला २५ नं गुणा. येणारा आकडा म्हणजे तुम्हाला लागणारे वॅट-तास. उन्हाळा असेल तर त्यात एक चतुर्थांश वाढवा. तेवढी वीज गाडीच्या मूळ बॅटरीला हात न लावता कुठून येणार, याचं उत्तर असेल तरच फ्रिज घ्या. नसेल तर तोवर आइस बॉक्स आहेच.